दोनच मुक्काम, पंधरा रात्री: साठीनंतरच्या जोडप्याने स्वित्झर्लंडची निवांत सहल कशी आखावी

निवृत्तीनंतर स्वित्झर्लंडला जाणाऱ्या जोडप्यांची बहुतेक सहल एकाच कारणाने बिघडते. कामं उलट्या क्रमाने होतात. आधी स्वस्त विमान दिसतं म्हणून तिकीट निघतं, मग ग्रुप टूरची स्थळांची यादी समोर ठेवून दिवस भरले जातात, मग व्हिसाची धावपळ होते आणि गुडघ्यांचा विचार झ्युरिकच्या फलाटावर सुरू होतो. पुढचा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. आधी शरीर, मग मुक्काम, मग कागद आणि सगळ्यात शेवटी तिकिटं. सुरुवात निघण्याच्या साधारण सहा महिने आधी करा.

टप्पा १: शरीराचा हिशोब (सहा महिने आधी)

दोघांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन नेमके प्रश्न विचारायचे. "आम्ही परदेशी जातोय, चालेल ना?" असं विचारलं की उत्तर "हो, जा की" असंच येतं. त्याऐवजी हे विचारा: आठ-नऊ तास विमानात बसल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका मला किती? घट्ट मोजे घालू का? उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, तर प्रवासाच्या दिवशी इन्सुलिन किंवा रक्तदाबाची गोळी कधी घेऊ? आणि तीन हजार मीटरच्या वर जाऊ का?

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. युंगफ्राऊयोख या बर्फाळ खिंडीतलं रेल्वे स्थानक ३,४५४ मीटरवर आहे आणि गाडी तुम्हाला थोड्या वेळात तिथे नेऊन सोडते, त्यामुळे शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर डॉक्टरांच्या स्पष्ट होकाराशिवाय जाऊ नका. माझं मत विचाराल तर निवांत सहलीत त्याची गरजही नाही. १,७९८ मीटर उंचीच्या रिगी डोंगरावरून बर्फाच्छादित रांगा पोटभर दिसतात आणि दमही लागत नाही.

दातांची तपासणी आत्ताच उरका. तिथे दाताचं काम अतिशय महाग आहे आणि प्रवास विम्यात ते फारसं बसत नाही. चालण्याचा सरावही याच महिन्यात सुरू करा. त्यात जिने उतरण्याचा सराव धरा, कारण गुडघे चढताना कमी आणि उतरताना जास्त कुरकुरतात.

*तपासा:* दोघांपैकी ज्याची क्षमता कमी, त्याच्या क्षमतेवर सगळी आखणी बेतायची. "ती हॉटेलवर बसेल, मी जाऊन येईन" हे कागदावर ठीक दिसतं, प्रत्यक्षात दोघांचाही दिवस वाया जातो.

टप्पा २: पासपोर्ट आणि नावं

पासपोर्ट शेंगेन क्षेत्र (एकाच व्हिसावर फिरता येणारे स्वित्झर्लंडसह युरोपातले देश) सोडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा, गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि त्यात किमान दोन कोरी पानं हवीत. मुदत सहा महिन्यांहून कमी उरणार असेल तर नूतनीकरण करूनच पुढे जा.

आपल्याकडचा खरा गोंधळ नावांचा असतो. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टवर बहुधा 'गिव्हन नेम'च्या रकान्यात पहिल्या नावाला जोडून येतं, तर आधार, पॅन आणि बँकेत ते वेगळ्या क्रमाने असतं. काकूंच्या बाबतीत माहेरचं आणि सासरचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हांनी असणं अगदी नेहमीचं. विमानाचं तिकीट, विमा, व्हिसाचा अर्ज आणि हॉटेल या चारही ठिकाणी नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरशः जुळवा. लग्नाचा दाखला नसेल तर दोघांच्या पासपोर्टवर एकमेकांचं नाव जोडीदार म्हणून आहे का ते पाहा. ते नसेल तर दुरुस्तीसाठी वेळ आत्ताच आहे.

टप्पा ३: महिना ठरवा

जून किंवा सप्टेंबर. एप्रिल-मे आणि नोव्हेंबरमध्ये अनेक डोंगरी गाड्या आणि रोपवे देखभालीसाठी बंद असतात. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि दर दोन्ही वाढतात, शिवाय तिथल्या बऱ्याच घरांत आणि छोट्या हॉटेलांत एसी नसतो. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे सकाळी घाईने निघावं लागत नाही. सप्टेंबर निवडला तर गौरी-गणपती आणि पितृपंधरवडा यांच्या तारखा आधी कॅलेंडरवर मांडा, नाहीतर तिकीट काढल्यावर घरात चर्चा सुरू होते. नोव्हेंबर निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना आहे, म्हणूनही तो टाळलेला बरा.

टप्पा ४: मुक्काम ठरवा, स्थळं नंतर

सगळ्या आखणीचा कणा हाच आहे, म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

पंधरा रात्रींसाठी दोनच गावं घ्या. माझी निवड: लुसर्नला सात रात्री आणि थूनला आठ. मुक्काम बदलण्याचा एक दिवस म्हणजे बॅग भरणं, खोली सोडणं, गाडी, नवी खोली, नवं दुकान शोधणं. त्या दिवशी सहल होत नाही. पाच गावं घेतली तर असे चार दिवस गेलेच.

लुसर्न का? झ्युरिक विमानतळाच्या खालीच रेल्वे स्थानक आहे आणि तिथून लुसर्नला थेट गाडी सव्वा तासाच्या आत पोचवते. लुसर्नचं स्थानक, बोटीचा धक्का आणि बसथांबा एकमेकांसमोर आहेत. तळ्याकाठचा रस्ता सपाट आहे आणि बाकं भरपूर आहेत. पाऊस आला तर वाहतूक संग्रहालयात अख्खा दिवस जातो.

थून का? बहुतेक जण इंटरलाकेनला राहतात किंवा फोटो पाहून श्पीत्सला. श्पीत्स सुंदर आहे, पण स्थानक वर आणि तळं खाली, मधे तीव्र चढ. रोज संध्याकाळी तो चढ चढायचा. थूनला स्थानकाबाहेर आलं की बोटीचा धक्का शेजारीच आहे, आरे नदीकाठी सपाट फिरता येतं आणि बर्न गाडीने वीसेक मिनिटांवर. किल्ला मात्र उंचावर आहे, तो खालून पाहिला तरी चालतो.

हीच नजर प्रत्येक ठिकाणाला लावा. धक्का किंवा स्थानकापासून पुढे चढ किती, पायऱ्या किती? काही ठिकाणांचं मीच सांगते:

रिगीला जाताना बोटीने व्हित्स्नाऊला उतरा. दातेरी रुळांची गाडी धक्क्यालगतच उभी असते. वेग्गिसहूनही रोपवे आहे, पण धक्क्यापासून त्याच्या स्थानकापर्यंत चांगलाच चढ आहे. वाटेतल्या रिगी काल्टबाड स्थानकावर उतरून फर्स्ट या ठिकाणाच्या दिशेने जाणारी वाट जुन्या रेल्वेमार्गावरची, म्हणून जवळजवळ सपाट. अर्धा तास चाला, बसा, परत या.

एशिनेन तळ्यासाठी कांडरश्टेग गावाहून रोपवे आहे. वर उतरल्यावर तळं आणखी वीस-पंचवीस मिनिटं चालून, आणि परतताना तोच रस्ता चढाचा. हंगामात तिथे विजेवरची छोटी गाडी चालते, ती घ्या.

लाउटरब्रुनेनचा श्टाउबबाख धबधबा गावातूनच दिसतो. ट्र्युमेलबाख धबधबे डोंगराच्या पोटात आहेत. लिफ्ट आहे, पण लिफ्टनंतर ओल्या पायऱ्या बऱ्याच. गुडघे दुखत असतील तर सोडून द्या.

*सावधान:* इंटरलाकेन ओस्ट स्थानकाहून निघणारी डोंगरी गाडी पुढे दोन भागांत तुटते. एक भाग लाउटरब्रुनेनला जातो, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी वाचूनच चढा.

दिवस भरताना नियम साधा ठेवा: एक दिवस बाहेर, दुसरा दिवस गावात. पंधरा दिवसांत सहा मोठ्या फेऱ्या पुरेत. त्यांच्या तारखा आधी पक्क्या करू नका, यादी करा आणि आदल्या संध्याकाळी हवामान पाहून निवडा. डोंगरावरच्या कॅमेऱ्यांचं थेट चित्र तिथल्या रोपवे कंपन्यांच्या संकेतस्थळांवर दिसतं. ढगात शिरून पैसे घालवण्यापेक्षा ते आधी पाहणं शहाणपणाचं.

टप्पा ५: खोली निवडताना विचारायचे प्रश्न

स्वयंपाकघर असलेलं छोटं अपार्टमेंट घ्या. पंधरा दिवस बाहेरचं खाणं खिशालाही झेपत नाही आणि पोटालाही. बुकिंग असंच करा की जे फुकट रद्द करता येईल, कारण व्हिसा अजून हातात नाही. घरमालकाला लेखी विचारा:

– लिफ्ट आहे का? असेल तर रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या? जुन्या इमारतींत लिफ्ट अर्ध्या मजल्यावरून सुरू होते.
– शॉवर जमिनीलगत आहे की टबमध्ये पाय उचलून जावं लागतं? वयाने मोठ्या माणसांचं घसरणं बहुधा इथेच होतं.
– शेगडी इंडक्शनची आहे का? असेल तर आपला छोटा कुकर इंडक्शनवर चालणारा हवा.
– चावी कुणाकडून आणि किती वाजेपर्यंत मिळते?

तिथे दिवसभराच्या थकव्यानंतर तीन मजले चढायची वेळ आली तर सहलीतला सगळा निवांतपणा संपतो, म्हणून उत्तर न आलेलं घर घेऊ नका.

टप्पा ६: विमा

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं. त्यात तातडीचे उपचार, रुग्णालय आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च यायला हवा. पण तिथल्या रुग्णालयांचे दर पाहता ही रक्कम फक्त व्हिसापुरती समजा, प्रत्यक्षात त्याहून बरंच मोठं संरक्षण घ्या.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे मधुमेह, रक्तदाब, पूर्वीची अँजिओप्लास्टी लपवणं. हप्ता थोडा वाढतो म्हणून एजंट "लिहू नका" असं सुचवतो. दावा करताना जुन्या फाइली मागवल्या जातात आणि तिथेच दावा अडतो. सगळं लिहा. त्यानंतर पॉलिसीत 'आधीपासूनचे आजार' या शीर्षकाखाली काय दिलंय ते स्वतः वाचा. बऱ्याच पॉलिसींत ते फक्त जिवावर बेतल्यासच धरतात आणि त्यालाही रकमेची मर्यादा असते.

टप्पा ७: व्हिसा (तीन महिने आधी)

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण काही प्रकरणांत पंचेचाळीसपर्यंत जातात. उन्हाळ्यासाठी अपॉइंटमेंट लवकर भरतात, म्हणून तीन महिने आधीची वेळ धरा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही स्वतः जावं लागतं. आधीच्या शेंगेन व्हिसासाठी दिलेले ठसे ५९ महिन्यांच्या आतले असतील तर ते पुन्हा वापरले जाऊ शकतात.

सहलीत दुसरा शेंगेन देश असेल तर जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार, तिथे.

कागदांत ज्येष्ठांच्या चुका ठरावीक असतात:

१. मुलाने प्रेमाने अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात मोठी रक्कम टाकलेली असते. अचानक आलेला पैसा शंका निर्माण करतो. खर्च मुलगा करणार असेल तर तसं पत्र, त्याचं बँक स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा सरळ जोडा.
२. काकू गृहिणी असतील तर त्यांच्या नावावर आयकर विवरणपत्र नसतं. नवऱ्याचं विवरणपत्र आणि "खर्च मी करणार" असं सहीचं पत्र त्यांच्या अर्जालाही जोडावं लागतं. अर्ज दोघांचे वेगळे, म्हणून कागदही दोन संच.
३. निवृत्तिवेतनाचा आदेश, मुदत ठेवी, घराचे कागद जोडायचे राहतात. तुम्ही परत येणार हे त्यांवरूनच दिसतं.
४. फोटो जुना असतो. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, सहा महिन्यांच्या आतला काढा.
५. दिवसवार कार्यक्रम हॉटेलच्या तारखांशी जुळत नाही. दोन मुक्काम असतील तर हा कागद अर्ध्या पानात होतो, हाही एक फायदाच.

*सावधान:* व्हिसा येईपर्यंत परतावा न मिळणारं विमान तिकीट काढू नका. अर्जासाठी आरक्षण पुरतं.

*तपासा:* व्हिसा हातात आला की लगेच नाव, तारखा, दिवसांची संख्या आणि किती वेळा प्रवेश हे वाचा.

टप्पा ८: विमान आणि व्हीलचेअर

मुंबईहून झ्युरिकला थेट विमान आहे. आखातातून बदलून जाणारं स्वस्त पडतं, पण रात्री अडीचला अनोळखी विमानतळावर दोन किलोमीटर चालणं त्या बचतीत धरलेलं नसतं. थेट विमान परवडत नसेल तर मधे किमान तीन तास ठेवा.

व्हीलचेअर मागायला संकोच करू नका. ती किमान ४८ तास आधी विमान कंपनीकडे नोंदवावी लागते. नोंदवताना नेमकी गरज सांगा: जिने चढता येतात पण लांब चालवत नाही, की जिनेही चढवत नाहीत. दोन्हींची सोय वेगळी असते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद करायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली. पहिल्यांदा जाणाऱ्यांना रांगेत वेळ लागू शकतो, म्हणून उतरल्यावरची रेल्वे ठरावीक वेळेची काढू नका.

टप्पा ९: रेल्वेचा पास

इथे जवळजवळ सगळे जास्त पैसे भरतात. स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे ठरावीक दिवस हवा तितका प्रवास करू देणारा पास, रोज फिरणाऱ्यांसाठी चांगला आहे. सलग दिवसांचा पास घेतला आणि एक दिवसाआड घरी बसलात, तर अर्धे पैसे वाया. तुमच्यासारख्यांनी हाफ फेअर कार्डाचा विचार करावा. ते एक महिना चालतं आणि गाड्या, बस, बोटी व बहुतेक डोंगरी गाड्यांचं तिकीट साधारण निम्म्यात मिळतं. स्विस रेल्वेच्या अ‍ॅपवर सहा फेऱ्यांचं भाडं मांडा, निम्मं करा, त्यात कार्डाची किंमत मिळवा आणि मग पासाशी तुलना करा.

हॉटेलमध्ये उतरलात तर पाहुण्यांना मिळणारं गेस्ट कार्ड मागून घ्या. लुसर्नमध्ये त्यावर शहरातली बस फुकट असते. अपार्टमेंट असेल तर मालकाला आधी विचारा.

लुसर्नहून थूनला जाताना इंटरलाकेनपर्यंतची ब्र्युनिग खिंडीतून जाणारी गाडी धरा. दोन तास खिडकीत बसून तळी पाहायची, आणि पुढे थूनला अर्धा तास. मोठ्या बॅगा स्थानकातून स्थानकात पाठवण्याची सोय स्विस रेल्वेकडे आहे. मात्र आज दिलेली बॅग साधारण परवा मिळते, म्हणून दोन दिवसांचे कपडे आणि सगळी औषधं हातातल्या पिशवीत ठेवा.

टप्पा १०: बॅग

*औषधं:* स्वित्झर्लंडमध्ये स्वतःसाठी साधारण एक महिन्याचा साठा नेता येतो. मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव इंग्रजीत लिहून घ्या, कारण आपला ब्रँड तिथल्या औषधवाल्याला माहीत नसतो. सगळी औषधं केबिन बॅगेत. इन्सुलिन विमानाच्या पोटातल्या सामानात गोठू शकतं.

*खाणं:* भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. तूप, पेढे, खव्याची बर्फी, दुधाची पावडर घरीच ठेवा. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता यांनाही रोपांच्या आरोग्याचा दाखला लागतो, म्हणून जूनमध्ये नातेवाइकांसाठी हापूसची पेटी न्यायचा मोह आवरा. भाजणी, मेतकूट, पोहे, रवा, मसाले, शेंगदाण्याची चटणी पुरेशी होते. लोणी, दही, भाज्या तिथे मिग्रोस आणि को-ऑप या सुपरमार्केटांत उत्तम मिळतात.

*प्लग:* आपल्या जाड पिनांचा प्लग तिथे बसत नाही. पातळ दोन पिनांचे चार्जर चालतात, बाकीसाठी अ‍ॅडॉप्टर इथूनच घ्या.

*पैसे:* परकीय चलनाच्या फॉरेक्स कार्डात युरो नको, स्विस फ्रँक भरा. दुकानातल्या यंत्राने "रुपये की फ्रँक?" विचारलं तर फ्रँक निवडा, रुपये निवडल्यास दर वाईट लागतो. बँकेच्या ओटीपीसाठी भारतीय सिम रोमिंगवर चालू ठेवा.

*तपासा:* भरलेली बॅग स्वतः उचलून घराच्या तीन पायऱ्या चढा. जमलं नाही तर सामान कमी करा.

टप्पा ११: पहिले तीन दिवस आणि अडीअडचण

पहिल्या दिवशी फक्त दुकान, धक्का आणि स्थानक कुठे ते पाहा. दुसरा दिवस लहान बोटीचा. डोंगर तिसऱ्या दिवसाआधी नको. शनिवारी उतरलात तर त्याच दिवशी दुकानं बंद व्हायच्या आत किराणा घ्या, कारण रविवारी ती बंद असतात. मोठ्या स्थानकांतली दुकानं मात्र उघडी असतात. नळाचं पाणी पिण्याचं आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

रुग्णवाहिकेसाठी १४४, पोलिसांसाठी ११७ आणि कुठल्याही तातडीसाठी ११२. हे आकडे, राहण्याचा पत्ता, पॉलिसी क्रमांक आणि विमा कंपनीचा मदत क्रमांक एका कार्डावर लिहून दोघांच्या खिशात स्वतंत्र ठेवा, कारण हरवणारा नेमका तोच असतो ज्याच्याकडे फोन नसतो. रुग्णालयात भरती व्हायची वेळ आली तर शक्य तितक्या लवकर विमा कंपनीला कळवा. बाहेर पडताना निदान, बिल आणि पैसे भरल्याची पावती हे तिन्ही कागद घ्या, छोट्या तपासणीचेही. भारतात परतल्यावर ते मागवणं फार कठीण जातं.

परतीच्या आदल्या रात्री थूनहून विमानतळाचा रस्ता अ‍ॅपवर पाहून ठेवा. बर्नला गाडी बदलून साधारण दोन तास लागतात, पण तुम्ही विमानाच्या वेळेआधी पाच तास घर सोडा. व्हीलचेअरची परतीची नोंद वेगळी असते, तीही त्याच रात्री पुन्हा तपासा.